दुर्मिळ ऑटोइम्यून आजार : नेमका स्पेशालिस्ट शोधायचा कसा?

अबोली :

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं वाचतेय, लिहिते कमी. आज मदत हवीय म्हणून धागा काढतेय.

माझ्या धाकट्या बहिणीबद्दल आहे, वय २६. गेले बरेच महिने तिला बारीक ताप, वजन उतरणं, सतत थकवा असं चालू होतं. आधी व्हायरल म्हणाले, मग रक्त कमी आहे म्हणाले, मग टेन्शन घेऊ नकोस म्हणाले. नंतर डावा हात दुखायला लागला, म्हणजे नुसतं बसलं की काही नाही, पण केस विंचरायला हात वर धरला की थोड्याच वेळात असा भरून येतो की खाली घ्यावाच लागतो. त्यावर मानेचा एक्सरे झाला, व्यायाम झाले, पट्टा झाला. शेवटी आमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांनी तिची दोन्ही मनगटं एकाच वेळी हातात धरली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. उजवीकडे नाडी नीट, डावीकडे लागेचना. मग दोन्ही हातांचं बीपी घेतलं, उजव्या हाताचं वरचं १५० आणि डाव्याचं ९५. सीटी अँजिओ म्हणजे रक्तवाहिन्यांचं स्कॅन झालं, त्यात 'ताकायासू आर्टरायटिस' असं आलंय.

डॉक्टर चांगले आहेत, स्पष्ट म्हणाले की असा पेशंट मी क्वचितच पाहिलाय, तुम्हाला हा आजार सतत बघणारा माणूस शोधायला हवा. पण तो कोण? कार्डिओलॉजिस्ट, व्हॅस्क्युलर सर्जन की ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट? एका ठिकाणी दाखवलं तर ते म्हणाले रक्तवाहिनी अरुंद झालीय, लगेच स्टेंट टाकून घ्या. नेटवर 'टॉप टेन' याद्या आहेत, पण त्यात सगळेच सगळ्यातले तज्ज्ञ आहेत. ज्यांनी दुर्मिळ आजारासाठी डॉक्टर शोधलाय त्यांनी कसा शोधला ते प्लीज सांगा.

रानवारा :

अबोली ताई, मला हाच आजार आहे. निदान होऊन बरीच वर्षं झाली, नोकरी करते, घर बघते, गोळ्या चालू आहेत. हे आधी सांगतेय कारण नेटवर वाचून तुम्हा सगळ्यांची झोप उडाली असणार.

थेट उत्तर : ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. पाटीवर बरेचदा 'संधिवात तज्ज्ञ' लिहिलेलं असतं म्हणून लोकांना वाटतं हे गुडघेदुखीवाले, आपल्याला सांधे कुठे दुखतायत. पण रक्तवाहिन्यांना सूज येण्याचे जे आजार आहेत, म्हणजे व्हॅस्क्युलायटिस, ते त्यांच्याच शाखेत येतात. काही ठिकाणी 'क्लिनिकल इम्युनॉलॉजी' असा विभाग असतो, तोही चालेल. कार्डिओलॉजिस्ट आणि सर्जन लागतातच, पण मुख्य फाईल ऱ्हुमॅटॉलॉजिस्टच्या हातात हवी.

आणि स्टेंटची घाई कृपया करू नका. का ते कुणी डॉक्टर असतील तर नीट सांगतील.

कवडसा :

मी जनरल मेडिसिनचा फिजिशियन आहे, ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट नाही, तेव्हा इथे कुणाचं औषध ठरवणार नाही. पण रानवारा यांनी विषय काढलाय तर लिहितो.

ताकायासू हा ऑटोइम्यून आजार, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते. यात महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, आणि तिच्यातून निघणाऱ्या मोठ्या फांद्या यांच्या भिंतीला सूज येते. भिंत जाड होते, आतली वाट अरुंद होते, म्हणून नाडी मंद किंवा गायब. सूज चालू असताना फुगा किंवा स्टेंट टाकला तर ती जागा पुन्हा बंद होण्याची शक्यता वाढते. म्हणून युरोपियन ऱ्हुमॅटॉलॉजी संघटनेच्या, म्हणजे युलारच्या, २०१८ च्या शिफारशींमध्ये असं आहे की ठरवून करायची प्रोसिजर आजार स्थिर आणि शांत असतानाच करावी. मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा धोक्यात आला, महाधमनीची भिंत फाटायला लागली, तर गोष्ट वेगळी, तिथे थांबत नाहीत. पण हात वर केल्यावर भरून येतो एवढ्यासाठी पहिल्याच भेटीत स्टेंट असं सुचवलं गेलं असेल तर दुसरं मत घ्याच, तेही ऱ्हुमॅटॉलॉजिस्टचं.

'कोण स्पेशालिस्ट' हा घोळ या आजाराच्या जन्मापासून आहे. मिकितो ताकायासू हे जपानी डोळ्यांचे डॉक्टर होते. १९०८ साली त्यांनी २१ वर्षांच्या एका मुलीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचं वेगळंच कडं दिसतंय अशी केस मांडली, आणि त्याच सभेत दुसऱ्या दोघा डॉक्टरांनी सांगितलं की असे डोळे आम्हीही पाहिलेत आणि त्या पेशंटना मनगटाला नाडी लागत नव्हती. तेव्हापासून हा आजार कधी डोळेवाल्यांकडे, कधी हृदयवाल्यांकडे, कधी बीपी वाढलं म्हणून किडनीवाल्यांकडे पोचतो. प्रत्येकाला आपापला तुकडा दिसतो.

अनुभवी माणूस लागतो त्याचं आणखी एक कारण आहे. ल्युपससारख्या आजारात निदानाला रक्तातल्या अँटीबॉडीचा आधार असतो, इथे तशी कुठलीच ठरलेली टेस्ट नाही. ईएसआर, सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या टेस्ट बघतात पण त्या नॉर्मल असूनही भिंतीत सूज चालू असू शकते. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला की आजार शांत, असं म्हणता येत नाही. नाडी, दोन्ही हातांच्या बीपीतला फरक, मानेवर आणि पोटावर स्टेथो ठेवून ऐकू येणारा आवाज, लक्षणं आणि इमेजिंग हे सगळं एकत्र जुळवून ठरवावं लागतं. असे पुष्कळ पेशंट पाहिलेल्या डॉक्टरला ते चटकन जमतं.

गवतफूल :

माझं मत सरळ आहे. शक्य असेल तर सगळ्यात मोठं नाव गाठा, कितीही लांब असलं तरी. दुर्मिळ आजारात प्रयोग नकोत. आमच्या काकांच्या वेळी आम्ही जवळचा म्हणून एक डॉक्टर धरला आणि त्यांनाच सगळं नवीन होतं, दर भेटीला पुस्तक उघडून बसायचे.

टिंब :

गवतफूल, तुमचं अर्धं पटतं. माझ्या नवऱ्याला जीपीए आहे, ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस, हाही व्हॅस्क्युलायटिसच पण बारीक रक्तवाहिन्यांचा. सुरुवात नाकातून रक्त आणि सायनसने झाली म्हणून कितीतरी काळ कान-नाक-घसावाल्यांकडेच होतो. लघवीत प्रोटीन आणि रक्त दिसल्यावर चक्रं फिरली.

आम्हीही मोठं नाव गाठलं. माणूस खरोखर विद्वान, निदान पक्कं केलं, उपचाराची दिशा दिली, त्याबद्दल कायम कृतज्ञ आहे. पण त्यानंतर रात्री ताप आला, पांढऱ्या पेशी घसरल्या, लघवी कमी झाली, तेव्हा त्यांच्यापर्यंत पोचायची काही सोयच नव्हती. पुढची अपॉइंटमेंट कित्येक आठवड्यांनंतरची. इम्युनिटी दाबणारी औषधं चालू असताना साधा ताप हा साधा नसतो, त्या रात्री फोन उचलणारा डॉक्टर लागतो.

म्हणून शेवटी आमची व्यवस्था अशी झाली की वर्षातून थोड्या वेळा लांबच्या सेंटरला दाखवायचं आणि दर महिन्याचं रक्त-लघवी, डोस, सर्दी-ताप हे सगळं जवळच्या फिजिशियनकडे, आणि दोघे एकमेकांना पत्र लिहितात. पत्र म्हणजे खरंच पत्र, डॉक्टरांचं डॉक्टरांना. आम्ही नुसते मधले टपालवाले नाही. हे जुळून आलं तेव्हा कुठे घर स्थिरावलं. डॉक्टर शोधताना पहिल्या भेटीतच विचारा की मधे काही झालं तर कुणाला फोन करायचा. या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं तर अर्धी लढाई जिंकली.

गवतफूल :

टिंब, हे मान्य. एकच माणूस सगळं करेल असं मी धरून चाललो होतो.

जुना वाचक :

शोधायची पद्धत सांगतो. मी डॉक्टर नाही, पण भाचीच्या आजारपणात हेच केलं आणि उपयोग झाला.

टॉप टेन याद्या आणि स्टार सोडून द्या. युरोपात २००० लोकांत १ पेक्षा कमी जणांना होणारा आजार दुर्मिळ धरतात. इतक्या थोड्या पेशंटच्या स्टारवरून त्या आजारातला अनुभव कळणारच नाही, ते स्टार बहुतेक वेटिंग रूम आणि रिसेप्शनला दिलेले असतात.

त्याऐवजी पबमेडवर जा, वैद्यकीय संशोधनाचे पेपर शोधायचं संकेतस्थळ, फुकट आहे. आजाराचं नाव टाका, सोबत तुमच्या देशाचं किंवा जवळच्या मोठ्या शहराचं नाव टाका, आणि गेल्या पाचेक वर्षांतलेच पेपर घ्या. आता इथे बारकाईने बघायचं. 'केस रिपोर्ट' म्हणजे एका पेशंटची गोष्ट. तो लिहिणाऱ्याने कदाचित आयुष्यात तेवढा एकच पाहिला असेल, आणि वेगळा वाटला म्हणूनच लिहिला असेल. ज्याच्या नावात 'कोहॉर्ट', 'रजिस्ट्री', 'लाँग टर्म आउटकम' असे शब्द आहेत आणि आत पन्नास-शंभर-दोनशे पेशंट आहेत तो पेपर धरा. तिथे या आजाराचे पेशंट रोज येतात. मग लेखकांच्या यादीतलं शेवटचं नाव बघा, बहुतेक वेळा तो विभागातला सीनियर माणूस असतो. आणि 'करस्पाँडिंग ऑथर' म्हणून ज्याचं नाव असतं त्याचा ईमेल पेपरवरच छापलेला असतो.

त्या ईमेलवर भलंमोठं आत्मचरित्र पाठवू नका. चार-पाच ओळी : वय, निदान, कुठल्या तपासणीवर झालं, आत्ता काय चालू आहे, आणि एकच प्रश्न, 'तुमच्याकडे दाखवता येईल का, नसेल तर आमच्या भागात तुम्ही कुणाकडे पाठवाल?' दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर फार मोलाचं असतं. असे डॉक्टर एकमेकांना ओळखतात, त्यांचा विद्यार्थी कुठेतरी तुमच्या जवळच बसलेला असतो.

याशिवाय ऑर्फानेट आहे, १९९७ ला फ्रान्समध्ये सुरू झालेलं दुर्मिळ आजारांचं संकेतस्थळ, तिथे आजाराची माहिती आणि अनेक देशांतली तज्ज्ञ केंद्रं मिळतात. युरोपात असाल तर २०१७ पासून युरोपियन रेफरन्स नेटवर्क आहेत, एकेका आजारगटासाठी निरनिराळ्या देशांतली हॉस्पिटलं जोडलेली. तिथे पेशंटला प्रवास न करताही आपल्या डॉक्टरमार्फत केस तज्ज्ञांपुढे मांडता येते. आणि क्लिनिकल ट्रायल्सची जी सरकारी नोंदणी असते तीही चाळा. ट्रायलमध्ये भाग घ्यायचा नसला तरी तिथे त्या आजाराची केंद्रं कुठली ते दिसतं.

केतकी :

जुना वाचक, पोस्ट वाचनखूण करून ठेवली. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आईला निदानच झालेलं नाही. स्नायू अशक्त, खुर्चीतून उठायला आधार लागतो, जिना चढताना धाप, बोटांच्या कडा खरखरीत होऊन भेगा पडल्यात. एएनए, म्हणजे ऑटोइम्यून आजारासाठी करतात ती अँटीबॉडीची टेस्ट, एकदा पॉझिटिव्ह आली, एकदा निगेटिव्ह. आजाराला नावच नाही तर शोधायचं काय?

कवडसा :

केतकी, नाव नसताना नावाने शोधता येत नाही, तेव्हा जागेने शोधा. ज्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर शिकवले जातात, जिथे ऱ्हुमॅटॉलॉजी, छातीविकार, न्यूरोलॉजी, पॅथॉलॉजी सगळे एका आवारात आहेत, तिथल्या ऱ्हुमॅटॉलॉजी ओपीडीत दाखवा. तिथे एका डॉक्टरला शंका आली की तो दुसऱ्या विभागात पेशंटला पाठवू शकतो आणि संध्याकाळी त्याच्याशी बोलू शकतो. बाहेर हेच तुम्हाला फायली घेऊन पळत करावं लागतं.

एएनए वरखाली होते त्यावर अडकू नका. एएनए धडधाकट माणसातही पॉझिटिव्ह येऊ शकते आणि काही ऑटोइम्यून आजारात निगेटिव्हही. तुम्ही लिहिलंय त्यातली दोन वाक्यं मात्र भेटीत पहिल्यांदा सांगा : उठायला आधार लागतो, आणि धाप लागते. बोटांच्या भेगांचा नीट उजेडात फोटो काढून ठेवा, त्वचेचं दिसणं भेटीच्या दिवशी बदललेलं असू शकतं. स्नायूंची सूज, फुप्फुस आणि अशी बोटं एकत्र असतील तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट काही विशिष्ट अँटीबॉडी आणि फुप्फुसाचं स्कॅन मागतात. सीपीके ही स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी रक्ताची टेस्ट झालीय का बघा, झाली असेल तर रिपोर्ट सोबत न्या. धाप वाढत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लवकर दाखवा.

केतकी :

सीपीके झालेलीच नाही. उद्याच विचारते. मनापासून आभार डॉक्टर.

पाऊलवाट :

मी रेडिऑलॉजी विभागात टेक्निशियन आहे. अबोली ताई, कुठल्याही स्पेशालिस्टकडे जाताना नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका, मूळ इमेजेस न्या. त्याला डायकॉम फाईल म्हणतात, सीडी किंवा पेनड्राइव्हवर मिळते, मागितली की देतात. फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो चालत नाही, त्यात काहीच मोजता येत नाही.

एवढ्यासाठी सांगतोय की सीटी अँजिओच्या रिपोर्टमध्ये बरेचदा फक्त 'इतके टक्के स्टेनोसिस' एवढंच असतं, म्हणजे आतली वाट किती उरली. पण तुमच्या आजारात रक्तवाहिनीची भिंत कशी आहे हे महत्त्वाचं. अनुभवी रेडिऑलॉजिस्ट तेच स्कॅन उघडून भिंतीची जाडी बघतो, गळ्याच्या, पोटाच्या, किडनीच्या फांद्या एकेक करून तपासतो. आमच्याकडे बाहेरची सीडी घेऊन पेशंट येतात आणि कितीदा दुसरं स्कॅन करायची गरजच पडत नाही, तेच नीट वाचलं की झालं. परत कॉन्ट्रास्ट नको, परत रेडिएशन नको.

आणि सगळी स्कॅन जपून ठेवा, पहिल्यापासून. पुढे दर वेळी आधीच्याशी तुलना करायची असते.

रानवारा :

पाऊलवाट यांना शंभर टक्के अनुमोदन. माझ्या डॉक्टरांनी जुनी सीडी आणि नवीन एमआर अँजिओ शेजारी शेजारी लावून दाखवलं तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की माझ्या शरीरात चाललंय काय.

अबोली ताई, अजून एक, फाईलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात लिहा : 'बीपी उजव्या हातालाच घ्यावे.' तुमच्या बहिणीचा डावा हात खोटं कमी बीपी दाखवणार. कुठल्याही इमर्जन्सीत नवीन माणूस डावीकडे पट्टा बांधेल, ९५ बघून बीपी लो आहे म्हणेल आणि प्रत्यक्षात ते १५० असेल. मला हे सलाईन लावायला आलेल्या प्रत्येकाला सांगावं लागतं. ज्यांचे दोन्ही हात बाधित असतात त्यांचं पायाला घेतात.

मैत्रेयी :

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, राग मानू नका. माझ्या ओळखीत एकांनी अशाच आजारात स्टेरॉइड बंद करून पर्यायी उपचार घेतले आणि त्यांना बरं वाटलं. स्टेरॉइडचे दुष्परिणाम किती भयंकर असतात. एकदा तोही विचार करावा.

रानवारा :

मैत्रेयी, राग अजिबात नाही. स्टेरॉइडची भीती मलाही वाटायची, चेहरा सुजला, वजन वाढलं, रात्र रात्र झोप यायची नाही. पण हे कळकळीने सांगते, कुणीही स्टेरॉइड स्वतःहून एकदम बंद करू नये. काही आठवडे घेतलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी करतं, आणि गोळी अचानक थांबली की बीपी पडतं, उलट्या होतात, जिवावर बेततं. डोस हळूहळू उतरवतात, डॉक्टर ठरवतील त्या वेगाने.

आणि 'बरं वाटणं' इथे फसवं असतं हे कवडसा यांनी वर लिहिलंच आहे. ताप गेला, थकवा गेला, तरी भिंतीत काम चालू राहू शकतं, आणि बंद झालेली रक्तवाहिनी सहसा आपोआप उघडत नाही. योग, चालणं, मन शांत ठेवणं, जे सोबत करायचं ते डॉक्टरांना सांगून जरूर करा, मी पण करते. काढे-चूर्णांचं मात्र आधी विचारा, काहींचा लिव्हरवर ताण येतो आणि आपल्या गोळ्यांसाठी लिव्हर आधीच तपासत असतात.

स्टेरॉइड कमी व्हावं यासाठीच तर दुसऱ्या गोळ्या देतात, मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट वगैरे, आणि गरज लागली तर टोसिलिझुमॅबसारखी बायोलॉजिक्स. चांगल्या डॉक्टरची माझी खूण अशी की पहिल्याच दिवशी ते म्हणाले, 'स्टेरॉइड आज सुरू करतोय आणि ते कमी कसं करायचं हेही आजच लिहून देतो.'

कवडसा :

टोसिलिझुमॅबचा उल्लेख आला म्हणून एक लहानशी भर. हे औषध चालू असताना सीआरपी जवळजवळ नॉर्मलच येतं कारण ज्या रसायनामुळे सीआरपी वाढतं त्याचीच वाट ते अडवतं. म्हणजे आधीच कमी भरवशाची असलेली टेस्ट आणखी कमी भरवशाची होते. हे माहीत असलेला डॉक्टर सीआरपीवर विसंबत नाही, इमेजिंग आणि नाडी बघतो. हे अनुभवाचं काम, म्हणूनच हा सगळा शोध.

अबोली :

सगळ्यांना किती धन्यवाद देऊ कळत नाही. एकेक पोस्ट बहिणीसोबत बसून वाचली. ती म्हणाली रानवारा ताई नोकरी करतात हे वाक्य परत वाच.

जुना वाचक यांनी सांगितलं तसं शोधलं. आधी नुसते केस रिपोर्टच सापडत होते, मग बऱ्याच पेशंटचा एक मोठा पेपर मिळाला, त्यातल्या सीनियर डॉक्टरना पाच ओळींचा ईमेल टाकला. उत्तर त्यांच्या टीममधल्या दुसऱ्या डॉक्टरांचं आलं, आणि त्यांनी सांगितलं की आमच्याकडे या पण त्याआधी तुमच्याच भागातल्या अमुक ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना दाखवा, त्या इथेच शिकल्यात. त्यांची अपॉइंटमेंट मिळालीय पण थोडे दिवस आहेत अजून. मोठ्या सेंटरची तारीख त्याहून पुढची.

आता शंका ही की तोवर काय? फॅमिली डॉक्टर विचारतायत स्टेरॉइड आत्ताच सुरू करू का. त्या डॉक्टरांकडे जायच्या आधी सुरू केलं तर तपासण्या बिघडतील का? आणि पहिल्या भेटीला काय नेऊ, फाईल खूप जाड झालीय.

कवडसा :

स्टेरॉइडचं उत्तर तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी त्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना थेट फोन करून घ्यावं. फोन डॉक्टरांनीच करायला हवा, तुम्ही नाही. अशा फोनवर बरेचदा अपॉइंटमेंटही अलीकडे येते. स्टेरॉइड सुरू झाल्यावर पेट स्कॅनमध्ये, म्हणजे सूज कुठे चालू आहे ते दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, सूज कमी दिसू लागते हे खरं, त्यामुळे पेट करायचा असेल तर तो आधी किंवा सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत केलेला बरा. पण स्कॅनसाठी उपचार ताटकळत ठेवायचे का, हे तिची आत्ताची अवस्था बघूनच ठरेल.

वाट बघायची नाही अशा गोष्टी : अचानक एका डोळ्याला दिसेनासं होणं, बोलताना जीभ अडखळणं किंवा एक बाजू लुळी पडणं, चक्कर येऊन शुद्ध हरपणं, छातीत किंवा पाठीत फाटल्यासारखं दुखणं, बीपी खूप वाढून डोकं फुटायची वेळ येणं. यातलं काहीही झालं की सरळ इमर्जन्सी.

फाईलचं म्हणाल तर जाड फाईल कुणी वाचत नाही, वेळच नसतो. वर एक पान लावा. लक्षणं कुठल्या महिन्यात सुरू झाली ते क्रमाने, आत्ताच्या गोळ्या डोससकट, ॲलर्जी, दोन्ही हातांचं बीपी, ईएसआर-सीआरपीचे आकडे तारखांसकट, स्कॅन कुठली झाली आणि कधी. पूर्वी टीबी झाला होता का, घरात कुणाला होता का हेही. टीबीनेही महाधमनीला सूज येऊ शकते, आणि इम्युनिटी दाबणारी औषधं द्यायच्या आधी लपलेला टीबी आणि हिपॅटायटिस बी तपासतात. शेवटी तुमचे तीन प्रश्न लिहा, तीनच.

टिंब :

प्रश्नांबद्दल बोलायचं तर 'तुम्ही असे किती पेशंट बघता' हे विचारायला लोक कचरतात, डॉक्टरांना अपमान वाटेल म्हणून. आम्ही असं विचारलं होतं, 'या आजाराचे पेशंट सध्या तुमच्याकडे फॉलोअपला आहेत का?' त्यांनी अगदी मोकळेपणाने सांगितलं. दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं की माझ्याकडे नाहीत पण मी अमक्यांशी बोलून करेन. आज तेच आमचे जवळचे फिजिशियन आहेत. माहीत नाही असं सांगणारा डॉक्टर सोडू नका.

सेकंड ओपिनियनचंही लपवू नका. 'एकदा अमुक सेंटरला दाखवून येतो, आपण एक पत्र द्याल का?' असं विचारलं की चांगले डॉक्टर लगेच देतात.

अबोली :

ताई, तिसरा प्रश्न बहिणीचा आहे आणि ती घरच्यांसमोर विचारायला लाजतेय. लग्न ठरायचंय. मूल होऊ शकेल का?

रानवारा :

तिला सांगा हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारायचा, शेवटी नाही, कारण त्यावर औषधं ठरतात. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट गरोदरपणात अजिबात चालत नाहीत, आधी ठरवून बंद करावी लागतात. अझाथायोप्रिनवर गरोदरपण करता येतं. आजार शांत असताना, बीपी ताब्यात असताना, ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांच्या देखरेखीखाली बऱ्याच जणींना मुलं झालीत. मलाही एक मुलगी आहे. भेटीत डॉक्टरांशी एकटीने बोलायचंय असं तिने सांगितलं तर तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा.

मेथोट्रेक्सेट मिळालं तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. रोज घेतलं गेलं तर रक्तपेशी धोकादायक कमी होतात. वार ठरवून पाकिटावर मार्करने लिहा.

अबोली :

लिहिते. तिला तुमची पोस्ट दाखवली, बराच वेळ हसत होती. डॉक्टर, लशींचं काही? कामाच्या ठिकाणी फ्लूची देतायत.

कवडसा :

फ्लूची इंजेक्शनची लस निष्क्रिय असते, ती चालते, आणि औषधं सुरू व्हायच्या आधी घेतली तर प्रतिसाद चांगला मिळतो. न्युमोनियाच्या लशीबद्दलही त्याच भेटीत विचारा. जिवंत जंतूंच्या लशी, म्हणजे कांजिण्यांची, एमएमआर, नाकात मारायची फ्लूची, या औषधं चालू झाल्यावर सहसा देत नाहीत, तेव्हा लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का ते आईला विचारून त्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.